शहाबादी फरशी आणि बत्ताशाचा गूळ

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं ज्यानं म्हनलं त्याला नळीच धरता येत नसंल बघा!"

हे वाक्य गुरुलिंगआप्पा आपल्या भांड्यांच्या दुकानात बसून दिवसातून दोनदा तरी म्हणत. गिऱ्हाईक घागर घ्यायला आलेलं असो की परात बदलायला, घागरीवर टिचकी मारून दाखवायच्या आधी आप्पा बत्ताशाची गोष्ट काढत. बत्तासा म्हणजे आप्पांचं कुत्रं. सोलापूरच्या गिरणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाच्या कुत्रीचं पिल्लू. पांढरंशुभ्र, गुबगुबीत, मांजरापेक्षा चार बोटं उंच. नळदुर्गात कुत्र्यांना तोटा नव्हता, पण ती सगळी रस्त्यावरची. घरात राहणारं, अंथरुणाच्या पायथ्याशी झोपणारं आणि मुख्य म्हणजे घरात एक थेंबही न सांडणारं कुत्रं साऱ्या गावात एकच!

"निजामसरकारची फौज एक डाव रांग मोडील," आप्पा सांगत, "पर आमचा बत्तासा जागा मोडणार न्हाय!"

यातलं 'निजामसरकारची फौज' ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणत आणि 'बत्तासा' पेठेच्या टोकाला ऐकू जाईल असं.

ही शिस्त आप्पांनी स्वतः लावली होती. परसात मोरीच्या तोंडाशी शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवलेला होता. पिल्लू आणलं त्या दिवसापासून आप्पा त्याला सकाळ-संध्याकाळ उचलून त्या तुकड्यावर उभं करत. पायांना गार दगड लागायचा, पिल्लू आपलं काम उरकायचं, आणि लगेच "शाब्बास रं वाघा!" म्हणत आप्पा बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढायचे. पिल्लाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. फरशी आली की काम, काम झालं की गूळ! पुढं पुढं तर बाहेर पाऊस कोसळत असला आणि दार लावलेलं असलं, तरी बत्तासा उंबऱ्याशी पाय आवळून कुंथत बसायचा. पण सारवलेल्या जमिनीवर? छे! नाव नको.

आप्पांची दोन्ही पोरं हैदराबादेला नोकरीला. घरात आप्पा, त्यांची बायको शरणम्मा आणि बत्तासा. खरं सांगायचं तर पोरांनी आप्पांचं एवढं कधीच ऐकलं नव्हतं. दुकानातून घरी आलं की हा एवढासा जीव आनंदानं गरागरा फिरायचा, आणि ते बघून आप्पांचा दिवसाचा शीण उतरायचा. त्यांचा त्याच्यावर फार जीव होता.

शरणम्मांचा जीव मात्र दुसरीकडंच अडकला होता. बैठक चांगली ऐसपैस, आणि ती दर आठवड्याला शेणानं सारवायची त्यांनी. गुडघे बोलायला लागले होते. माहेर त्यांचं गुलबर्ग्याकडं, म्हणजे फरश्यांच्या देशातलं.

"माज्या भावाच्या गोठ्यात बी फरशी हाय!" त्या म्हणायच्या. "त्याच्या म्हशी फरशीवर बसत्यात, आन मी हितं जल्मभर शेणात हात घालून बसू व्हय?"

म्हशींशी तुलना झाल्यावर आप्पांचा नाइलाज झाला. शहाबादेहून रेल्वेनं सोलापूर आणि सोलापुराहून बैलगाड्यांतून फरश्या आल्या. गवंड्यानं त्या बैठकीत बसवल्या. पेठेतली पहिली फरशीची बैठक! आप्पांचे पाय जमिनीला लागेनात. त्याच सुमाराला तहसीलदारसाहेब दौऱ्यावर नळदुर्गाला येऊन सरकारी बंगल्यात उतरले होते. आप्पा थेट तिथं जाऊन गुरुवारचं आमंत्रण देऊन आले.

"साहब, बेस्तरवार को चाय के लिए आओ. फर्श भी देखो, और हमारा कुत्ता भी देखो. ऐसी तमीज हैदराबाद में भी नहीं दिखेगी!"

साहेब हसून 'जरूर' म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ती अशी.

फरशी धुऊन लख्ख झाली. आप्पांनी नारळ फोडला. शरणम्मांनी मधोमध पाच पाकळ्यांची रांगोळी काढली आणि हळदीकुंकू वाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बत्तासा आला. त्यानं एक पाय फरशीवर ठेवला आणि थबकला. दुसरा ठेवला. नाक खाली करून हुंगत हुंगत खोलीच्या मध्यावर गेला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि पाचही पाकळ्या भिजवल्या!

"अय्यय्यो!" शरणम्मा किंचाळल्या.

बत्तासा शेपूट हलवत आप्पांपुढं येऊन बसला आणि त्यांच्या खिशाकडं टक लावून बघायला लागला.

"नवी जागा हाय," आप्पा म्हणाले. "बावरलं आसंल बिचारं."

बिचारं संध्याकाळी तक्क्याशेजारी बावरलं. दुसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत बावरलं. स्वयंपाकघर अजून सारवणाचंच होतं, तिथं ठणठणीत कोरडं. बैठकीत मात्र पूर! आप्पा ओरडले, आप्पांनी बोट उगारलं, एकदा तर दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवून दुपारपर्यंत ते पाळलंही. पण बत्तासा दर खेपेला काम करायचा, मोहीम फत्ते करून आलेल्या सरदारासारखा समोर उभा राहायचा, आणि बोलणी बसली की गोंधळून कान पाडायचा.

शेजारच्या हमिदाबींनी कुंपणावरून डोकावून निदान केलं. "भाबी, ये तो नजर हय! इतनी अच्छी फर्श, किसकी तो बी लगी."

त्यांनी मीठ-मिरच्या आणून बत्ताशावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. धुरानं बत्ताशाला शिंक आली, आणि शिंकेबरोबर पुन्हा तेच.

"नजर नहीं," हमिदाबी दोन पावलं मागं सरल्या. "ये भानामती हय!"

भानामतीचं नाव निघाल्यावर शरणम्मांनी कंबरेला पदर खोचला. "भानामती असू द्या न्हाय तर आनि काय! ऐका. बुधवारपत्तोर हे थांबलं तर ठीक. न्हाय तर अणदूरच्या गोरोबा धनगराला मी सांगावा धाडलाय. त्याच्या मेंढरांमागं जाईल कुत्रं. बेस्तरवारी साहेबाच्या बुटावर काय झालं, तर आपल्याला गाव सोडावं लागंल!"

मेंढरांमागं? जे मांजराला घाबरून पलंगाखाली जातं ते? आप्पा त्या रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी उठले ते तडक चाँदपाशा हकिमांकडं.

आता इथं एक अडचण होती. हकीमसाहेब मानी माणूस. मागं कुणीतरी शेळी घेऊन आलं, तर "मैं इन्सानों का हकीम हूँ!" म्हणून त्यांनी त्याला शेळीसकट हाकललं होतं. आप्पा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी ठरवलं, दुखणं सांगायचं, पण दुखणं कुणाचं ते काढायचंच नाही.

"हकीमसाब, जरा नाजूक बात है," आप्पा कुजबुजले. "पेशाब का मामला है."

"रुकती है?"

"रुकती नहीं! बैठक में होती है."

"बैठक में!" हकीमसाहेबांचा आवाज मुळातच किल्ल्याच्या बुरुजावरून हाक मारावी असा. बाहेर बाकावरचे रोगी सावरून बसले. "कब से?"

"नई फर्श डाली तब से. पहले बराबर बाहर होती थी. अब फर्श दिखी की हो गई!"

"पता नहीं चलता?"

"चलता है की! गोल फिरके, जगह देखके होती है. और बाद में लई खुशी होती है."

"खुशी!" हकीमसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर कुणीतरी 'या अल्ला' म्हटलं.

"हौ. फिर गूळ खाने को मन करता है."

हकीमसाहेबांनी आप्पांची नाडी बघितली. मग उठले, एक भुकटी कुटली, पुडी बांधली आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुबह-शाम, शहद में. और आप्पा, शरम मत करना. उमर किसी को नहीं छोडती."

"उमर कहाँ, अभी तीन साल..." म्हणता म्हणता आप्पांनी जीभ चावली.

"तीन साल से!" हकीमसाहेब हळहळले, आणि बाहेरचा बाकही त्यांच्याबरोबर हळहळला.

आप्पा मात्र खुशीत! कसं बेमालूम काम काढलं! बत्ताशानं मध चाटला, भुकटी फुंकरून बाजूला केली, मधानं तहान लागली म्हणून वाटीभर पाणी प्याला, आणि बैठकीत जाऊन त्याचा हिशोब चुकता केला.

त्या दिवसापासून आप्पांना गावाचं प्रेम जाणवायला लागलं. दुकानात येणारा प्रत्येकजण आवाज खाली आणून विचारायचा, "आप्पा, कसं काय हाय आता?"

"काय सांगू! कालच्यापरीस ज्यास्तच. आज तर साहेबासाठी काढलेल्या गादीवरच!"

"शिव शिव शिव!" समोरचा कळवळायचा. "जपा आप्पा. पानी कमी प्या... म्हंजी, बघा आपलं."

कुणी बसायला जागा देई, पण स्वतः जरा लांब सरकून बसे. एका म्हातारीनं तर लंगोटाला चांगलं म्हणून जुनं मऊ लुगडं आणून दिलं. ते बत्ताशाला अंथरायला होईल, असं वाटून आप्पांनी ते भरल्या डोळ्यांनी घेतलं. एका मुक्या जनावरासाठी साऱ्या गावानं एवढा जीव टाकावा! आप्पांना गहिवरून आलं.

गहिवराचा उपयोग झाला नाही. बुधवार उजाडला आणि गोरोबा धनगर काठी टेकत दारात उभा राहिला. त्यानं बत्ताशाला वरून खालून बघितलं. वरून खालून बघायला तसा फार वेळ लागला नाही.

"आप्पा, मेंढरं राखायला ह्ये? ह्ये तर लोकरीतच हरपंल! आन लांडगा आला तर त्याची न्याहारी बी व्हायची न्हाय."

"मला काय सांगतोस? आतमधी सांग," आप्पा दुसरीकडं बघत म्हणाले.

आतमधून शरणम्मांचा आवाज आला, "न्या म्हनावं." पण त्या बाहेर आल्या नाहीत. रोज रात्री बत्ताशाला भाकरी कुस्करून दुधात घालणाऱ्या त्याच होत्या.

"जरा थांब गोरोबा," आप्पा म्हणाले. "जायच्या आदी परसात तरी नेऊन आनतो त्याला."

आप्पांनी बत्ताशाला उचललं आणि अनवाणीच परसात गेले. मोरीच्या तोंडाशी त्याला शेवटचं उभं केलं. बत्ताशानं गिरकी घेतली, काम उरकलं आणि खिशाकडं बघितलं. आप्पांनी गुळाचा खडा दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला छातीशी धरून ते परत निघाले. परसातली माती उन्हानं कोमट. स्वयंपाकघरातलं सारवण पायाला मऊ. बैठकीत पाऊल पडलं आणि तळव्याला गार्रकन लागलं!

आप्पा थांबले. कुशीत बत्तासा वळवळायला लागला. त्याला खाली उतरायचं होतं.

आप्पा उलट्या पावली परसात गेले. मोरीच्या फरशीवर पाय ठेवला. गार. स्वयंपाकघर. मऊ. बैठक. गार! पुन्हा मोरी, पुन्हा बैठक. धोतर सावरत, कुत्रं काखेत मारून आप्पा घरातून येरझाऱ्या घालायला लागले.

"आप्पा, काय हरपलं व्हय?" गोरोबानं विचारलं.

"हरपलं न्हाय, घावलं!" आप्पा गरजले. "काखेत कळसा आन गावाला वळसा! अगं, ऐकलंस का! भायेर ये! कुत्रं बिघडलं न्हाय! कुत्रं हुशार हाय, आपून खुळे हाय!"

शरणम्मा धावत आल्या.

"आपून त्याला काय शिकिवलं? शहाबादी दगूड म्हंजी त्याची मोरी! त्यानं ते ध्यानात ठिवलं. आन आपून काय केलं? सारी बैठक त्याच दगडानं मढिवली! त्यानं करावं काय? त्ये बिचारं म्हनत आसंल, मालकाची माया बघा, माज्यासाठी केवडी टोलेजंग मोरी बांदली! म्हनून तर रोज नव्या जागी जाऊन गूळ मागत हुतं!"

शरणम्मांनी तोंडाला पदर लावला. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि हसत सुटल्या. बत्तासा त्यांच्या मांडीवर चढला. गोरोबानं काठी भिंतीला टेकवली, कारण आता आपल्याला कुत्रं मिळत नाही हे त्याला कळलं होतं आणि तो सुटकेचा श्वास टाकत होता.

"खरं हाय," शरणम्मा डोळे पुसत म्हणाल्या. "पर उद्या साहेब यायचा. एका दिसात त्याला दुसरं काय शिकिवनार?"

"शिकवायचं कशाला? बैठकीतला दगूड त्याच्या पायाला लागला न्हाय म्हंजी झालं. सारवायची!"

"काय सारवायची?"

"बैठक."

"फरशी? सारवायची? शेनानं?" शरणम्मांचं हसू गेलं. "शहाबादेहून आनली, गाड्या भरल्या, मी जल्मभर वाट बघितली, त्या फरशीवर शेन?"

"दिवाळीपत्तोर! मोरीचा दगूड मी काढून टाकतो, मातीवर जायची सवय लावतो त्याला. दिवाळीला तुजी फरशी तुला मोकळी करून देतो. म्या लावलेली शिस्त हाय, ती म्याच फिरवीन!"

शरणम्मांनी कुत्र्याकडं बघितलं, फरशीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "ठीक हाय. पर सारवायची तुमच्या हातानं. माजे गुडघे आता शेनात जायचे न्हायत."

आणि मंडळी, नळदुर्गाच्या पेठेनं त्या दिवशी जे बघितलं ते पुन्हा कधी बघितलं नाही. भांड्यांचे व्यापारी गुरुलिंगआप्पा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, धोतराचा काचा मारून गुडघ्यांवर बसलेले, कोपरापर्यंत शेणामातीत बुडालेले, आणि दाराकडं पाठ करून खोली सारवत सारवत मागं सरकणारे! हमिदाबींनी डोकावलं, तोंडावर हात ठेवला आणि निघून गेल्या. मग रस्त्यानं जाणारा एकेकजण डोकावला. कुणी हसलं नाही. उलट प्रत्येकानं मान हलवली आणि पाय न वाजवता पुढं गेला. गोरोबा तेवढा शेवटपर्यंत बसून होता. "कडंला ऱ्हायलं बघा आप्पा," एवढंच तो मधूनमधून म्हणायचा.

उन्हानं सारवण दुपारीच वाळलं. परीक्षेची वेळ आली. बत्ताशाला स्वयंपाकघरातून सोडलं. त्यानं बैठकीत पाय ठेवला, थबकला. नाक खाली. हुंगलं. बत्ताशानं मान वर करून आप्पांकडं अशा नजरेनं बघितलं की, काय मालक, एवढी चांगली मोरी बुजवली? मग तो वळला, तुरुतुरु स्वयंपाकघरातून परसात गेला, आपल्या जुन्या दगडावर उभा राहिला आणि...

"हर हर महादेव!" आप्पांची आरोळी पार किल्ल्यातल्या पाणीमहालापर्यंत गेली असावी. गोरोबानंही हर हर म्हटलं आणि दुधाचा चहा पिऊन तो रिकाम्या हातानं, पण आनंदानं अणदूरला गेला.

बेस्तरवारी साहेब आले. शेरवानी, तुर्की टोपी, चकचकीत बूट. बत्ताशानं त्यांना बघितलं, पुढचा पाय उचलून सलाम केला आणि गादीशेजारी मुनीसारखा बसला. चहा झाला, चिवडा झाला. एक थेंब नाही! मध्येच तो उठला. आप्पांनी डोळे मिटले. बत्तासा शांतपणे परसात गेला, जरा वेळानं तसाच शांतपणे परत आला आणि पूर्वीच्या जागी बसला. आप्पांची छाती बंडीत मावेना.

"वाकई!" साहेब म्हणाले. "ऐसा तमीजदार कुत्ता हमने नहीं देखा."

आप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला. निघायच्या वेळी मात्र साहेबांनी सारवलेल्या जमिनीवरून नजर फिरवली, आवाज हळू केला आणि आप्पांचा हात हातात घेतला.

"आप्पा, हमने सब सुना है. बंगले का चपरासी बता रहा था. इतनी कीमती फर्श, और उस पर यह मिट्टी... हम समझ गए. और वह भी अपने हाथ से लीपी! किसी और पर बोझ नहीं डाला. बडी शराफत की बात है." साहेबांनी आप्पांचा हात थोपटला. "हमारे वालिदसाहब को भी यही शिकायत थी. भुने हुए तिल खाइए, गूळ के साथ. गूळ तो आपको पसंद है ही."

आप्पांच्या डोळ्यांपुढून सगळं एका झटक्यात गेलं. हकीम, बाक, लांब सरकून बसणारी गिऱ्हाइकं, म्हातारीचं मऊ लुगडं!

"साहब!" आप्पांना कंठ फुटला. "साहब, वो मैं नहीं! वो ये कुत्ता था!"

साहेबांनी बत्ताशाकडं बघितलं. बत्ताशानं पाय उचलून पुन्हा सलाम केला.

"आप्पा," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले, "बेजुबान पर इल्जाम मत डालिए." आणि बत्ताशाच्या डोक्यावरून हात फिरवून ते पायऱ्या उतरून गेले.

दाराआड शरणम्मा भिंत धरून उभ्या होत्या. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं. आप्पा त्यांच्याकडं न बघता तरातरा परसात गेले, मोरीवर जाऊन आले आणि हात धुऊन आत वळले. वाटेत शरणम्मांनी त्यांना अडवलं. एक गुळाचा खडा बत्ताशाच्या तोंडात घातला आणि दुसरा आप्पांच्या तळहातावर ठेवला.

"शाब्बास रं वाघा!"

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनी तो खडा मुकाट्यानं तोंडात टाकला.